लाकडं फोडताना पाठीत आलेली कळ

रेवा, ओम,

आजीला जरा बरं नव्हतं आणि आता बरी आहे, एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. तुमच्या बाबाने तुम्ही घाबरू नये म्हणून तसं सांगितलं असणार. पण तुम्ही आता मोठे आहात, आणि उद्या तुमच्यासमोर कुणाला असं झालं तर तुम्हाला माहीत असलेलं बरं. शिवाय व्हिडिओ कॉलवर मागे शेडमध्ये ते लाल मशीन दिसलं तेव्हा ओमने विचारलं होतं की आजीला लाकडं फोडायला मशीन कशाला लागतं. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. ते क्रमाने लिहिते.

बंबाची लाकडं

सणसरच्या आपल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. नळीचं तोंड लहान, म्हणून त्याला मनगटाहून जाड लाकूड चालत नाही. आबा, म्हणजे तुमचे आजोबा, बांधावरची वाळलेली बाभूळ तोडून तिचे ओंडके शेडमध्ये आणून टाकतात. ते ओंडके बारीक फोडायचं काम मी शाळेतून रिटायर झाल्यावर मागून घेतलं होतं. नातेवाइकांना ते विचित्र वाटायचं. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली आणि बारामतीत जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई कुऱ्हाड घेऊन उभी, म्हणून हसायचे. आबांना तर टोमणे बसायचे की मॅडमना सरपणाला लावलंय.

मला ते काम आवडत होतं. ओंडका उभा करायचा, वाळताना त्याच्या तोंडावर पडलेली बारीक चीर शोधायची आणि घाव बरोबर तिच्यावर घालायचा. गाठ दिसली तर ओंडका उलटा करायचा. घाव नेमका बसला तर लाकूड एका आवाजात दोन होतं. चुकला तर कुऱ्हाड रुतते आणि हिसका खांद्यापर्यंत येतो. फोडलेली लाकडं मी जाडीप्रमाणे लावून ठेवायचे. संध्याकाळी हात, पाठ, खांदे दुखायचे, आणि ते दुखणं मला काम झाल्याची पावती वाटायचं.

उसण

ती थंडीतली सकाळ होती. गाठीचा ओंडका होता आणि माझा घाव चुकला. कुऱ्हाड रुतून बसली. मी ओंडक्यावर पाय देऊन दांडा जोरात ओढला, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीत कळ आली. मी तिथेच वाकून उभी राहिले. थंडीतही कपाळावर घाम आला होता. डाव्या जबड्यात दाढ दुखावी तसं काहीतरी होत होतं, पण दाढ माझी कधीच काढलेली.

आबा गोठ्यातून आले. त्यांनी रुतलेली कुऱ्हाड बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, "हिसका बसला. उसण भरली आसंल."

तुम्हाला उसण म्हणजे काय हे माहीत नसेल. अवघड हालचालीने पाठीत किंवा बरगडीत एकदम आखडतं, श्वास घेतला की टोचतं, तिला इकडे उसण भरणं म्हणतात. आणि तिच्यावर इकडे एक उपाय आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं सगळे मानतात. आपल्या समोरच्या घरातल्या पारूबाई पायाळू आहेत. आसपासच्या वस्त्यांवरून लोक त्यांच्याकडे पाठ दाखवायला येतात.

मी हे मानत होते का? मानत नव्हते, आणि तरीही अंगणात दारापाशी उन्हात पोत्यावर पालथी पडले. पारूबाईंनी पदर खोचला, दाराची चौकट धरली आणि पायाच्या अंगठ्याने माझ्या पाठीवर हलकेच तीनदा दाबलं. म्हणाल्या, "बाई, लई काम करू नगा आता. पडून ऱ्हावा."

मी पडून राहिले आणि कळ ओसरली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ती विश्रांतीमुळे ओसरली होती. त्या वेळी आम्हा तिघांनाही खात्री पटली की उसणच होती. जबड्याचं मी कुणाला सांगितलंच नाही. पाठीच्या उसणीशी जबड्याचा संबंध काय, असं मला वाटलं.

रस्ता

दुपारी मी ओट्यावर बसून डाळ निवडत होते. काहीही न करता ते पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी छातीवर कुणीतरी धान्याचं पोतं ठेवल्यासारखं. मला उलटी झाली. घरात जायला एक पायरी आहे, ती मला चढता येईना. आबा आधी म्हणाले की पित्त झालं असेल. मग त्यांनी माझ्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघितलं आणि गाडीची किल्ली आणायला गेले. १०८ ला फोन करावा हे दोघांनाही सुचलं नाही.

कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. बारामतीच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावलेले ट्रॅक्टर एकामागून एक चाललेले. एका ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर लावून गाणी चालू होती आणि आबांचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नव्हता. उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, बाहेर लोंबत होती, पुढचं काही दिसत नव्हतं. आबा दोनदा गाडी बाहेर काढून दोनदा परत मागे आले. मग त्यांनी गाडी तशीच रस्त्यात उभी केली आणि उतरून पळत सुटले. सत्तरी ओलांडलेला माणूस हात हलवत ट्रॅक्टरच्या शेजारून पळतो आहे, हे मी काचेतून बघत होते. मला तेव्हा भीती वाटली ती माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. गाणी बंद झाली. ट्रॅक्टर कडेला गेला. आबा परत येऊन बसले तेव्हा धापा टाकत होते, आणि पुढचा सगळा रस्ता ते फक्त एकच विचारत राहिले, "हायस न्हवं?"

मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते. एका वेळी म्हणायला उशीर झाला तर त्यांनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी फुटली.

कागदाची पट्टी

ईसीजीची पट्टी मशीनमधून बाहेर येत होती आणि डॉक्टर ती येतानाच वाचत होते. त्यांनी विचारलं, दुखणं कधीपासून. मी म्हटलं, सकाळपासून. त्यांनी पट्टी पुन्हा पहिल्यापासून बघितली. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. मग त्यांनी आबांना विचारलं की एवढा वेळ घरी का थांबलात. आबांनी खाली बघून सांगितलं, "उसण भरली व्हती, सायेब."

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं की बायकांना बऱ्याचदा छातीत न दुखता पाठीत, जबड्यात, दंडात दुखतं. घाम येतो, मळमळतं. आणि सगळे दुसरंच काहीतरी समजतात. मग मला आत नेलं. मनगटातून नळी घालून हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली आणि तिच्यात स्टेंट बसवला. मी शुद्धीत होते. मला फक्त गार वाटत होतं, आणि छतावरचा एक दिवा लुकलुकत होता तो कुणीतरी बदलायला हवा, असं वाटत होतं.

आयसीयू

तिथे सकाळ सहाला होते. अंग पुसतात, रक्त घेतात, मग चहा येतो तो बिनसाखरेचा. पडद्यापलीकडच्या माणसाचं यंत्र सारखं वाजायचं, आणि ते वाजायचं थांबलं की मी जास्त घाबरायचे. भेटायला येणारे लोक दोन मिनिटं थांबत आणि त्यातलं एक मिनिट आबांना ऐकवण्यात घालवत की या वयात बायकोला लाकडं फोडायला लावतात का. आबा ऐकून घेत. मी नळ्यांमधून सांगायचा प्रयत्न केला की ते काम माझं होतं, मी मागून घेतलं होतं. पण आयसीयूत पडलेल्या बाईचं कुणी खरं मानत नाही.

तिथे एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून राहिली. कळंबची एक सिस्टर होती. माझ्या केसांचा पार गुंता झालेला. तिने रिकाम्या वेळात खोबरेल तेल आणून हळूहळू गुंता सोडवला आणि वेणी घातली. तिने मला बरं होण्याबद्दल काही सांगितलं नाही. सासूबद्दल तक्रार करत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी पेशंट सोडून बोललं.

तुमचा बाबा कॅनडाहून रोज फोन करायचा. मला वॉर्डात हलवल्यावर एका फोनवर तो पारूबाईंवर फार भडकला. अडाणी बाई, तिच्या पायामुळे माझ्या आईचा जीव गेला असता, असं खूप काही बोलला. फोन स्पीकरवर होता, आणि पारूबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी डबा खुर्चीवर ठेवला आणि गेल्या. त्याची भीती मला समजते. एवढ्या लांबून त्याला फक्त रागावताच येत होतं. तुम्हीही त्याला यावरून काही बोलू नका.

कुठलं दुखणं

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हृदयाची दुसरी एक रक्तवाहिनी अरुंद आहे, ती सध्या गोळ्यांवर ठेवू. आणि तसं दुखलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

तसं म्हणजे कसं? माझ्या वयाला सकाळी उठल्यापासून काहीतरी दुखत असतं. पूर्वी मी त्याकडे लक्ष देत नसे. आता प्रत्येक दुखणं तपासायला लागले. दंड दुखतोय तो कुशीवर झोपल्याने की दुसरं काही? पाठ भरून आली ती कपडे पिळल्याने की दुसरं काही? दोनदा आम्ही धावत बारामतीला गेलो. एकदा गॅस निघाला, एकदा खरोखरच मान आखडलेली होती. दुसऱ्यांदा परत येताना आबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले नव्हते, थकले होते. पण त्या दिवसानंतर मी दुखणी लपवायला लागले. काही झालं की मोरीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहायचे आणि ते जाण्याची वाट बघायचे.

आजारातला सगळ्यात वाईट काळ मला आयसीयूतला वाटत नाही. तो हा.

लाल मशीन

कुऱ्हाड डॉक्टरांनी बंद केली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. लाकडाची बारीकशी फास बोटात घुसली तरी रक्त थांबायला वेळ लागत होता. लोक म्हणाले, बंब काढून टाका, गीझर लावा. ते शहाणपणाचं होतं. पण मला हालचाल हवी होती आणि माझं काम हवं होतं. शेवटी तुमच्या बाबाने बारामतीच्या एका वर्कशॉपमधून लाकूड फोडायचं मशीन करवून घेतलं. कॅनडात तुमच्या शेजाऱ्यांकडे आहे तसंच, फक्त लहान. आबांना ते अजिबात पसंत नव्हतं.

"बंबाच्या ढलप्यांना मशीन," ते म्हणाले. "गाव पोट धरून हसंल."

लोखंडी पाटावर ओंडका आडवा ठेवायचा. दोन्ही हात दोन दांड्यांवर ठेवले की मोटर घुमते आणि पोलादी पाचर हळूहळू पुढे सरकते. लाकूड आधी कुरकुरतं, मग फाटतं. हात दांड्यांवर असल्याशिवाय ते चालतच नाही, त्यामुळे बोटं पाचरीखाली जाण्याची भीती नाही. डॉक्टरांनी याला परवानगी दिली, मात्र ओंडके दुसऱ्याने उचलून ठेवायचे. आबा ठेवत.

मला ते मशीन आवडलं नाही. त्याला चीर शोधावी लागत नाही. गाठ आली तरी ते तसंच रेटतं, आणि लाकडाचे लांब तंतू ओढून काढतं. माणसाकडून काहीच मागत नाही. अर्धा तास उभं राहिलं तरी घाम नाही, खांदे भरून येत नाहीत. संध्याकाळी अंग दुखायचं नाही, आणि त्यामुळे काम केल्यासारखं वाटायचं नाही. आबा मधूनमधून हळूच कुऱ्हाड घेऊन जाडे ओंडके स्वतः फोडायचे आणि माझ्याकडे बघायचे, की बघ, किती पटकन होतं.

एक दिवस मी रस्ता ओलांडून पारूबाईंकडे गेले. त्या चुलीपुढे होत्या. मी बसले तरी त्या वळल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, म्या आता कुणाच्या पाठीला पाय लावत न्हाय. आल्याली मानसं परत लावते." मी त्यांना सांगितलं की पोत्यावर पालथी मी स्वतःहून पडले होते आणि जबड्यात दुखत होतं हे मीच बोलले नव्हते. त्या बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. मग माझ्यापुढे ताट सरकवून त्यात एक भाकरी टाकली. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा घरी यायला लागल्या, पण अंगणातल्या त्या जागेवरून जाताना वळसा घेत.

पुन्हा

हंगाम संपत आला होता. सकाळी आबांनी ओंडका पाटावर ठेवला, मी हात दांड्यांवर ठेवले आणि पाचर सरकायला लागली. आणि दोन्ही खांद्यांच्या मधे, त्याच जागी, ती कळ आली.

मी दांडे सोडले नाहीत. खरं सांगते, पहिला विचार आला तो मोरीत जाण्याचा. गप्प उभी राहीन, जाईल. दोनदा खोटं ठरलं आहे, तिसऱ्यांदा आबांना कसं सांगू? गाडीतलं त्यांचं ते गप्प बसणं मला आठवत होतं. पारूबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

आबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पाठीत आलंय. त्यांच्या तोंडून सवयीने तेच आलं, "उसण आसंल?"

मी उत्तर द्यायच्या आधी माझ्या हातांकडे बघितलं. ते दांड्यांवर नुसते ठेवलेले होते. ओंडका मी उचलला नव्हता. हिसका बसला नव्हता. कुऱ्हाड असती तर मी पुन्हा तिच्यावर ढकललं असतं, चुकलेल्या घावावर, गाठीवर, वयावर. इथे ढकलायला काहीच नव्हतं. सगळं काम मोटरने केलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "मी काहीच केलेलं नाही."

त्यांना ते एका क्षणात कळलं. त्यांनी बटण बंद केलं. पाचर अर्ध्या ओंडक्यात तशीच थांबली. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली गोळी मी जिभेखाली ठेवली आणि पारूबाईंनी मला धरून गाडीत बसवलं. त्याही मागे माझ्याशेजारी बसल्या, अनवाणीच, चपला शेडच्या दारात राहिल्या. या वेळी मी त्यांना सगळं सांगत गेले. आता दंडात येतंय. आता घाम आलाय. आता जबडा. त्या प्रत्येक गोष्ट मोठ्याने आबांना सांगत होत्या, जणू आबा पुढच्या सीटवर नाही, पुढच्या गावात आहेत. रस्ता मोकळा होता.

ती अरुंद ठेवलेली रक्तवाहिनी बंद होत आली होती. बंद झाली नव्हती. डॉक्टरांनी आबांना बाहेर येऊन सांगितलं की हृदयाचं या वेळी काही नुकसान झालेलं नाही, वेळेत आणलंत. आबांनी त्यांना नमस्कार केला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, असं पारूबाईंनी मला नंतर सांगितलं.

आता

मी बरी आहे. रोज चालते, गोळ्या वेळेवर घेते. दुखलं तर सांगते, लपवत नाही. त्यानंतर एकदा आम्ही पुन्हा उगाच गेलो होतो, आणि डॉक्टर म्हणाले की उगाच शंभर वेळा या. पारूबाई पुन्हा पाठीला पाय लावतात, पण आलेल्या माणसाला आधी उभं करून विचारतात की घाम येतोय का, जबड्यात येतंय का. एका माणसाला त्यांनी पाय न लावता सरळ बारामतीला पाठवलं. त्याला साधी लचकच होती आणि तो गावभर त्यांच्या नावाने बोलत फिरला. पारूबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

कुऱ्हाडीने फोडलेलं लाकूड अजूनही मला जास्त सुंदर वाटतं. त्यात बदल झालेला नाही. तुम्ही तरुण आहात, इकडे आलात तर आबा तुम्हाला घाव कसा घालायचा ते शिकवतील, आणि तुम्ही जरूर शिका.

पण परवा सकाळी मी शेडमध्ये गेले तर मोटर आधीच चालू होती. आबा स्वतः मशीनपाशी उभे होते, दोन्ही हात दांड्यांवर, बिचकत, जणू दुसऱ्याची म्हैस धरली आहे. पाटावर जाडा ओंडका होता, जो ते एरवी कुऱ्हाडीनेच फोडतात. मी विचारलं, गाव हसेल त्याचं काय.

ते पाचरीकडे बघत म्हणाले, "कुऱ्हाड मारली की समदंच दुखतं. त्यातलं खरं कुठलं, ते मला तरी कसं कळायचं?"

ओंडका फाटला. त्यांनी बटण बंद केलं आणि काही वेळ तसेच, स्वतःच्या आत काही ऐकू येतंय का हे बघत उभे राहिले. मीही श्वास धरून उभी राहिले. मग मी विचारलं, कुठे दुखतंय का.

"गुडगा," ते म्हणाले.

"गुडघा चालतो," मी म्हटलं, आणि त्यांनी पुढचा ओंडका पाटावर ठेवला.

तुमची,
आजी